कोट, खाकी आणि भिंतीवरची तसबीर

आप्पा गेले तेव्हा घरात त्यांचा भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो नव्हता. लग्नातले दोन फोटो होते, ते एका पावसाळ्यात काचेला चिकटून गेलेले. नातेवाइकांच्या लग्नांत आप्पा नेहमी वाढप्यांत नाहीतर मांडव सोडणाऱ्यांत असायचे. फोटो काढायची वेळ आली की ते कुठेतरी कामात. शेवटी ट्रंकेतून नगरपालिकेच्या ओळखपत्राचा फोटो निघाला. खाकी शर्ट, खिशावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला, पाण्याने चापून बसवलेले केस. आप्पांनी एकतीस वर्षे आमच्या तालुक्याच्या गावातले रस्ते झाडले आणि गटारं उपसली.

तो फोटो घेऊन मी स्टुडिओत गेलो. तिथल्या पोराने तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि अगदी सहज विचारलं, "सर, कोट लावू का? सगळे लावून घेतात." त्याच्याकडे कोटांची अख्खी रांग तयार होती. निळा, काळा, राखाडी, टायसकट. डोकं आपल्या माणसाचं, खालचं धड कुणाचंही. मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "निळा लाव."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवला. लोकांनी फुलं वाहिली. आई बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "चांगलं दिसत्यात. पर ह्यांचा बिल्ला कुठंय?" आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी रात्री भांडी आवरताना म्हणाली, "पप्पा, बाबासाहेबांनी सूट स्वतः घातला होता. आजोबांना तुम्ही ते गेल्यावर घातलात."

मला राग आला. त्या रागातूनच हा लेख लिहितो आहे. कारण राग ओसरल्यावर प्रश्न उरला : माणसाच्या तसबिरीत त्याच्या कपड्यांना एवढं महत्त्व का? आणि आमच्या माणसांच्या बाबतीत तर एवढं का?

आमच्या घरातली बाबासाहेबांची तसबीर आप्पांनीच आणलेली. सहा डिसेंबरला दादरला गेले होते, तिथून कागदाची गुंडाळी करून, एसटीत मांडीवर धरून आणली आणि गावात फ्रेम करून घेतली. निळा सूट, पांढरा शर्ट, लाल टाय, खिशाला पेन, हातात पुस्तक. खाली नाव आणि नावापुढे पदव्यांची ओळ : एम.ए., पीएच.डी., डी.एससी., एलएल.डी., डी.लिट., बार-ॲट-लॉ. कडेला कसर लागली आहे, निळा रंग उडून राखाडीकडे झुकला आहे. मूळ फोटो काळा-पांढरा. त्यात निळा भरला तो छापणाऱ्याने, आणि तो आपल्या झेंड्याचा निळा होता. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या पदव्या त्यांना तोंडपाठ होत्या. मला पहिली बाराखडी येण्याआधी त्यांनी ती ओळ शिकवली.

आता याच्या शेजारी जुन्या सत्ताधाऱ्यांच्या तसबिरी ठेवून पाहा. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांची तैलचित्रं केली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या छापील प्रती आपण पाहत आलो. त्यात नजर आधी चेहऱ्यावर जात नाही. जाते ती मोत्यांच्या माळांवर, शिरपेचावर, तलम अंगरख्यावर. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. शिळाछापावर रंगीत चित्रं छापून ती घराघरांत पोचू लागली. देवदेवता होत्या, पेशवाईतले पुरुष होते. छापणाऱ्याने यातल्या कुणालाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मग ओळख कशाने पटणार? पगडीने. ही शिंदेशाही, ही होळकरी, ही ब्राह्मणी. चेहरा अंदाजाने काढला तरी चालत होतं, पगडी चुकून चालत नव्हतं. पाहणाऱ्याला आधी जात आणि हुद्दा वाचता यायला हवा होता, माणूस नंतर.

हे तेच चिपळूणकर, ज्यांनी निबंधमालेतून जोतीराव फुल्यांच्या मराठीची आणि विचारांची टिंगल केली. एका हाताने फुल्यांना हिणवायचं आणि दुसऱ्या हाताने पेशवाईला भिंतीवर चढवायचं, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. छापखाना हे साधन होतं. ते ज्यांच्या हाती होतं त्यांनी ठरवलं की महाराष्ट्राच्या भिंतीवर कोण बसणार आणि काय नेसून बसणार.

१८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याने देवींना भरजरी साडीत घरोघरी नेलं. काही घरांत त्या चित्रांवर खरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवी सजवली जायची. कागदावरच्या देवीलाही भारी वस्त्र लागत होतं. त्याच गावाच्या वेशीबाहेर जिवंत बाईने काय नेसावं, यावर मात्र पहारा होता.

हा पहारा किती जुना आहे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रं घालावीत, फुटक्या भांड्यांत खावं आणि दागिने घालायचेच तर लोखंडाचे घालावेत, असं सांगितलं आहे. जे ग्रंथात होतं ते रस्त्यावर कसं उतरलं, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६च्या भाषणात मांडलं. पेशव्यांच्या पुण्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. वेल्स ज्या पुण्यात बसून मोत्यांची माळ रंगवत होता, तेच हे पुणे. अंगावर काय असावं याचा नियम दोघांनाही होता. पेशव्याच्या गळ्यात मोती, आमच्या गळ्यात मडकं. चित्र फक्त एकाचंच निघालं.

त्याच भाषणात बाबासाहेब इंदूरकडच्या बलाई समाजाचं उदाहरण देतात. १९२८ सालची गोष्ट. गावच्या सवर्णांनी बलाईंना हुकूम काढला : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झुळझुळीत झगे-चोळ्या घालायच्या नाहीत. तामिळनाडूच्या रामनाड भागात १९३० मध्ये कल्लरांनी आदि-द्रविडांवर बंधनं घातली, ती जे. एच. हटन या जनगणना अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहेत. पुरुषांचं वस्त्र गुडघ्याखाली जाता कामा नये आणि कमरेच्या वर येता कामा नये. कोट, सदरा, बनियन घालता कामा नये. छत्री आणि वहाणा वापरता कामा नयेत. बायकांनी अंगाचा वरचा भाग झाकता कामा नये. त्रावणकोरात तर नाडर स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी अर्धं शतक झगडावं लागलं. १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकायची मुभा दिली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखं नेसायचं नाही या अटीवर.

मित्रांनो, ही यादी मी पांडित्य दाखवायला दिलेली नाही. ज्याच्या पणजोबाला कोट घालायला बंदी होती, त्याने कोट घालणं आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शालजोड्या होत्या त्याने कोट घालणं, ही एकच कृती नाही, एवढं यातून ध्यानात घ्यायचं आहे.

आणखी एक प्रकारच्या चित्रांत आमची माणसं सापडतात. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा फोटोसंग्रह काढला. त्यात राजे-सरदारांचे फोटो आहेत आणि शेकडो सामान्य माणसांचेही. पण सामान्य माणसाच्या फोटोखाली बहुतेक वेळा त्याचं नाव नसतं, जातीचं किंवा जमातीचं नाव असतं. कॅमेऱ्यासमोर एक जिवंत माणूस उभा राहिला, श्वास रोखून थांबला, आणि पुस्तकात तो 'नमुना' झाला. त्याची लंगोटी, त्याचं घोंगडं हे त्याच्या जातीचं लक्षण म्हणून छापलं गेलं. ब्राह्मणी छापखान्याने आम्हाला चित्रात घेतलं नाही. इंग्रजी छापखान्याने घेतलं, पण नाव काढून.

आता बाबासाहेबांच्या तसबिरीखालची ती पदव्यांची ओळ पुन्हा वाचा. ती एवढी लांब का, हे मला आत्ता कळतंय.

सूटबूट घातलेल्या बाबासाहेबांवर टीका करणारे आजही भेटतात. साहेबाची नक्कल केली म्हणतात. गरिबांचा पुढारी गरिबासारखा दिसायला हवा होता म्हणतात. गांधीजींचा पंचा पुढे करतात. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये त्याच वेषात ते लंडनच्या राजवाड्यात गेले. त्याच गोलमेज परिषदेला बाबासाहेब सुटात होते. मी गांधीजींच्या हेतूवर इथे वाद घालत नाही. पण बॅरिस्टराचा कोट ज्याच्याकडे आधी होता, त्याने तो उतरवला की त्याग म्हणून जग पाहतं. आमच्या आजोबांच्या कमरेला होती ती लंगोटी त्यांनी निवडलेली नव्हती. रामनाडच्या हुकमात लिहिलेली लंगोटी बाबासाहेबांनी पुन्हा नेसून दाखवावी, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी तो हुकूम वाचावा.

शिवाय आपल्या चळवळीत कपडा हा कधीच नुसता कपडा नव्हता. २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. हे चिपळूणकर वेगळे, जोतीरावांचे स्नेही. हिऱ्यामोत्यांनी लगडलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात, घोंगडी घेऊन गेले आणि खरी प्रजा कशी राहते ते राजपुत्राला सांगून आले. आता तसबिरीतले जोतीराव आठवा : पागोटं, उपरणं, नीटनेटके. म्हणजे रोजचा वेष चांगला होता. फाटका वेष त्यांनी त्या दिवशी, त्या लोकांसमोर, पुरावा म्हणून चढवला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांच्या ओझ्यावरून लोक तुमची जात ओळखतात, ती खूण टाका, असं त्यांचं सांगणं होतं. लुगडं फाटकं असलं तरी स्वच्छ असावं, आणि नेसायची पद्धत बदलायला पैसा लागत नाही. बायकांनी तिथेच नेसण बदलली. माझ्या मते त्या नेसणीची एक तसबीर निघायला हवी होती. ती कुणी काढली नाही.

बाबासाहेबांचा वेषही एकच नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना ते पांढरं रेशमी धोतर आणि पांढऱ्या कोटात होते. विद्यापीठाच्या झग्यात आहेत, घरच्या साध्या कपड्यांतही आहेत. पण लोकांनी भिंतीसाठी निवडला तो निळा सूट. ही निवड कुठल्या समितीने केली नाही. दादरच्या फुटपाथवर, नागपूरच्या मैदानावर, खिशातल्या मोजक्या नोटांनी लाखो आप्पांनी ती केली. पगडीत जात वाचता येते. सुटात वाचता येत नाही. त्यातून कळतं एवढंच की हा माणूस शिकलेला आहे. आमच्या लोकांना नेमका तोच कपडा भिंतीवर हवा होता.

इथपर्यंत लिहून मला वाटलं, झालं. मुलीला उत्तर मिळालं. आप्पांच्या अंगावर मी निळा कोट चढवला तो याच परंपरेने.

पण ते खरं नव्हतं.

मी नववीत होतो. शाळेत स्नेहसंमेलन होतं, मला निबंधाचं बक्षीस मिळणार होतं. आप्पांची पाळी दुपारी संपायची. ते म्हणाले, "मी तसाच येतो, परभारे." मी म्हणालो, "खाकीत येऊ नका. घरी जाऊन कपडे बदलून या." घर शाळेपासून लांब होतं, हे मला माहीत होतं. आप्पा "बरं" म्हणाले. बक्षीस घेऊन मी स्टेजवरून खाली बघितलं तर ते नव्हते. संध्याकाळी घरी बसून राखेने बिल्ला घासत होते, रोज घासायचे तसे. मला म्हणाले, "दाव बघू काय मिळालं."

त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. स्टुडिओतल्या पोराने "कोट लावू का?" विचारलं तेव्हा मी जो 'हो' म्हणालो, तो महाडचा नव्हता. तो नववीतल्या पोराचा होता. मी आप्पांना कोट दिला नाही, त्यांची खाकी लपवली. हिंदू समाजाने त्यांच्या कामाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी त्यांच्या फोटोकडे पाहिलं.

आणि हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरातला नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये गेले, त्यांच्या कपाटात आज चार-चार कोट आहेत. असायलाच हवेत. जयंतीच्या बॅनरवर आपले फोटो गॉगल आणि सोन्याच्या साखळीसकट झळकतात. पण त्या बॅनरखालचा कचरा पहाटे जो उचलतो, तो बहुतेक वेळा आपलाच किंवा आपल्या शेजारच्या वस्तीतला असतो. त्याच्याशी आपण कसे बोलतो? त्याच्या मुलीचं स्थळ आलं तर आपण काय म्हणतो? कोट जर खाकीपासून अंतर ठेवायला वापरला, तर तो बाबासाहेबांचा सूट राहत नाही. त्याची पगडी होते. बाबासाहेबांनी जो कपडा जात पुसायला घातला, त्यानेच आपण नवी पायरी बांधतो.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. संरक्षक पोशाख आणि साधनं दिल्याशिवाय गटारात माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला तीस लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तरीही माणसं उघड्या अंगाने, अनवाणी आत उतरतात आणि त्यांच्या बातम्या येतच राहतात. रामनाडचा हुकूम म्हणत होता, यांनी अंगावर सदरा आणि पायात वहाणा घालायच्या नाहीत. आज तसा हुकूम कुणी काढत नाही. नुसते बूट आणि मास्क वेळेवर दिले नाहीत की काम भागतं. आप्पांना एकतीस वर्षांत किती वेळा गमबूट मिळाले, ते आईला अजून मोजून सांगता येतं. एका हाताच्या बोटांवर.

मागच्या महिन्यात मी स्टुडिओत परत गेलो. पोराने फाइल शोधून काढली. मी म्हणालो, "कोट काढ. आधी होतं तसं कर." तो हसला. "सर, लोक कोट लावून घ्यायला येतात. काढायला आलेले तुम्ही पहिलेच."

नवा फोटो आईसमोर धरला. तिने पदराने काच पुसली, बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि नंबर वाचला. तिला अक्षरं फार येत नाहीत, आकडे येतात. मग बाबासाहेबांच्या तसबिरीकडे मान करून म्हणाली, "त्येंच्या खाली लिवलंय, तसं ह्यांच्या खालीबी लिव. नाव लिव, आणि काय काम करायचे तेबी लिव."

मी तसं लिहून घेतलं. आप्पांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली : सफाई कामगार, ३१ वर्षे सेवा. मुलीने फ्रेम बाबासाहेबांच्या बरोबर शेजारी, त्याच उंचीवर टांगली. निळा आणि खाकी. आमच्या घरात आता दोन्ही रंग आहेत.

तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचा कोट चढवलेला फोटो असेल, तर तो काढा असं मी म्हणणार नाही. त्यांनी कोट मागितला असेल, हौसेने स्टुडिओतला कोट घालून फोटो काढला असेल, तर तो त्यांचा हक्क होता आणि आहे. फक्त एकदा खाली नाव आणि काम लिहून बघा. लिहिताना हात अडखळला, तर कशामुळे अडखळला त्याचा विचार करा. आणि तुमच्या गावच्या नगरपालिकेत जाऊन एवढं तरी विचारा, की सफाई कामगारांना या वर्षीचे गमबूट मिळाले का.

जय भीम.